भाऊंची हजेरी

आमच्या नेटवर मेलेल्या माणसाचीही हजेरी घेतात. हे मी एकदा नालवाडीतल्या शेजारणीला सहज बोलून गेले, तर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की त्यानंतर हा विषय मी बाहेर काढलाच नाही. आता मात्र सांगून टाकते.

नेट म्हणजे तुमचं मोबाइलमधलं नव्हे. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाली. सरकारी परीक्षा देऊन लायसन मिळवलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज जोडण्यात गेला. रिटायर झाल्यावर भजनी मंडळात जीव रमेना, तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं. आमच्या ह्यांनी आधी मनसोक्त थट्टा केली आणि मग गच्चीवर अँटेना चढवताना स्वतःच शिडी धरून उभे राहिले. हॅम लोकांत पुरुषाला, तो विशीतला का असेना, ओल्ड मॅन म्हणतात आणि बाईला, तिची साठी उलटली तरी, यंग लेडी. ही पद्धत ज्याने पाडली त्याचं भलं होवो.

वर्धा जिल्ह्यात आम्ही मोजकेच आहोत. दर रविवारी सकाळी, पोहे-चहा आटोपला की सगळे आपापल्या घरी रेडिओ लावून बसतो. एक जण कंट्रोल होतो आणि ठरल्या क्रमाने एकेकाचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, पुकारतो. ज्याचं पुकारलं त्याने हजेरी द्यायची. आवाज कसा येतोय, बॅटरी कशी आहे, तिकडे पाऊस आहे की ऊन, एवढंच. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण पूर येतो, वीज जाते, मोबाइलचे टॉवर एकामागून एक गप्प होतात, तेव्हा कोण कुठे बसलाय आणि कोणाची बॅटरी धड आहे हे आम्हाला तोंडपाठ असतं. एका टेकडीवर आमचं एक यंत्र आहे, ते एकाचा आवाज उचलून सगळ्यांना पोचवतं.

हॅम वारला म्हणजे त्याला 'सायलेंट की', म्हणजे मुकी झालेली कळ, म्हणतात, हे जगभर चालतं. आमच्याकडे आणखी एक रीत आहे. त्याचं वर्षश्राद्ध होईपर्यंत दर रविवारी त्याचा कॉल साइन त्याच्या जागी पुकारायचा, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचं, आणि मग पुढचं नाव घ्यायचं. ही रीत भाऊंनी पाडली होती आणि गेल्या हिवाळ्यात ती त्यांच्याच वाट्याला आली.

भाऊंचं गाव समुद्रपूरच्या पुढे, वणा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर. पुढे किराणा दुकान, मागे घर, आणि दुकानावर लाकडी माळा. त्या माळ्यावर तांदळाच्या पोत्यांमध्ये जागा करून त्यांनी रेडिओ मांडला होता. कौलांवर सोलरची पाटी आणि शेजारी जुन्या जीपची बॅटरी. मी तिथेच बसून शिकले. माइक हातात घेतला की भाऊ आधी नखाने त्यावर दोन टिचक्या मारायचे. टक, टक. मग बोलायचे. त्या टिचक्यांवरून सगळा जिल्हा त्यांना ओळखायचा. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी मांडवातून उठून जाऊन हजेरी दिली होती.

वहिनी शिडीवरून चहा घेऊन वर यायच्या आणि काही बोलायला तोंड उघडलं की भाऊ ओठांवर बोट ठेवायचे. "तुले लायसन नाई. आवाज हवेत जाईन." मग त्या बिचाऱ्या कपबशा हातात धरून, श्वास रोखल्यासारख्या उभ्या राहायच्या. स्वतःच्या घरात कोणी असं उभं राहावं याचा मला राग यायचा. पण गुरूला काय बोलणार.

भाऊ गेले ते अचानक गेले. तेरवी झाल्यावर मुलगा वहिनींना नागपूरला घेऊन गेला. मी फोन केला तेव्हा त्याने सांगितलं की रेडिओ वगैरे सगळं कपाटात बंद करून ठेवलं आहे. आमच्यातला एक जण पुढे कधी बसने त्या गावावरून गेला, तेव्हा दुकानाच्या शटरला कुलूप होतं. तो विषय आमच्यापुरता संपला.

कंट्रोलची जागा भाऊंनंतर वर्ध्याच्या एका प्राध्यापकांकडे आली. सरळ माणूस, पण नियमांना पक्का. ते दर रविवारी भाऊंचा कॉल साइन पुकारायचे, थांबायचे, आणि मग माझा पुकारायचे, कारण क्रमाने भाऊंनंतर माझा नंबर होता. सुरुवातीचे काही रविवार त्या थांबण्यात काहीच नसायचं. मी खिडकीतून बाहेर बघत ते क्षण कसेबसे ढकलायची.

होळीच्या सुमाराला एका रविवारी, त्याच थांबण्यात, माझ्या रेडिओवरचा लहानसा हिरवा दिवा लागला.

दिवा लागतो म्हणजे कुठेतरी कोणीतरी बटन दाबून धरलेलं असतं. शब्द आला नाही. पण एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला लाइनीवर कोणीच नसणं आणि कोणी असून न बोलणं यातला फरक कळतो. तिथे कोणीतरी होतं. स्पीकरमध्ये एका खोलीची हवा येत होती, लांब कुठे भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, चिमण्या होत्या. आणि मग टक, टक. दिवा विझला.

प्राध्यापकांनी माझा कॉल साइन पुकारला आणि मी हजेरी दिली खरी, पण काय बोलले ते मला आठवत नाही. नेट संपल्यावर मात्र फोनवर फोन सुरू झाले. प्राध्यापकांच्या मते कोणाचं तरी बटन अडकलं असावं, नाहीतर हा खोडसाळपणा होता. बिनओळखीच्या सिग्नलला उत्तर द्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा. त्यामुळे उत्तर द्यायचं नाही असं ठरलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आलं. त्याच्या पुढच्याही. नेमकं भाऊंच्या जागी, ना आधी ना नंतर. देवळीच्या एका हॅमने शेतातल्या कामाचं निमित्त काढून नेटवर येणं सोडलं. दुसऱ्याने रेडिओला लिंबू-मिरची बांधली. मी त्याची टिंगल केली आणि स्वतः नेटच्या आधी देवापाशी दिवा लावायला लागले. आमचे हे त्या वेळेला भाजी आणायला जायचे, घरात भाजी असली तरी. मला त्या आवाजाची भीती वाटायची हे खरंच. पण शनिवारपासूनच मी त्याची वाट बघायला लागले होते, आणि त्याची मला जास्त भीती वाटायची.

श्रावणात पाऊस जो बसला तो उठायचं नाव घेईना. वणा फुगली, नाले उलटे फिरले, वीज गेली आणि मागोमाग फोन गेले. प्रशासनाकडून निरोप आला तसे रस्ता बंद व्हायच्या आत मी आणि प्राध्यापक जीपने समुद्रपूरला पोचलो. एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांची सोय केली होती. आम्हाला जागा मिळाली ती स्टेजवर, नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्यांच्या मधे. मागे थर्माकोलचे मोर तसेच होते. आम्ही टेबल लावलं, बाहेरच्या झाडाला अँटेना टांगली आणि कामाला लागलो. या गावाला औषधं हवीत, त्या गावाला पाणी हवं, इथली सगळी माणसं शाळेत हलवली, तिथे कोणी उरलं नाही. भाऊंच्या गावाचाही निरोप आला. वस्ती उंचावरच्या शाळेत नेली होती आणि नाल्याकडची घरं रिकामी होती. तिथलं किराणा दुकान तर हिवाळ्यापासूनच कुलपात होतं.

दुपार टळत होती. निरोपांच्या मधेच हिरवा दिवा लागायला लागला. कोणी बोलायला जावं तर आधीच बटन दाबलेलं. शब्द नाही. टक, टक. विझला. पुन्हा लागला. रविवार नव्हता, भाऊंचं नाव कोणी पुकारलं नव्हतं, आणि तरी ते येत होतं. एका आजारी मुलाच्या औषधाचा निरोप त्यापायी दोनदा कापला गेला, तेव्हा प्राध्यापकांचा तोल सुटला. "जो कोणी बटन दाबतोय, त्याने ताबडतोब फ्रिक्वेन्सी मोकळी करावी. इथे आपत्कालीन काम चालू आहे."

दिवा तत्क्षणी विझला. आणि पुन्हा लागला नाही.

माझ्या मनाला तेच टोचलं. खोडसाळ माणूस असा एका शब्दात ऐकत नाही. अडकलेलं बटन तर कोणाचंच ऐकत नाही. आणि शेवटच्या वेळी त्या टिचक्यांच्या मागे मला पाणी ऐकू आलं होतं. छपरावरचा पाऊस नव्हे. भरलेला हंडा उचलताना आत पाणी हिंदकळतं तसा आवाज, चार भिंतींच्या आतला. घड्याळ मात्र आता चालत नव्हतं.

मी प्राध्यापकांना म्हटलं, हजेरी घ्या. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, सगळ्यांची नको, फक्त भाऊंची. ते हलक्या आवाजात म्हणाले की जिवंत माणसांचे निरोप खोळंबले असताना मेलेल्या माणसासाठी हवा अडवता येणार नाही. नियमाने त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि भाऊंचा कॉल साइन पुकारला. मग उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबले.

दिवा लागला. टक, टक.

खाली सतरंजीवर बसलेल्या बायका उठून स्टेजपाशी आल्या. बोटीवरच्या पथकाचा म्होरक्या दारातून आत आला होता, तो तिथेच उभा राहिला. मी मूळची देवळीची, एरवी रेडिओवर शुद्ध बोलण्याचा मला फार तोरा, पण त्या वेळी तोंडातून माहेरचीच बोली आली. "हो असन तं एकडाव दाबा. नाई असन तं दोनडाव. भाऊच्या घरून आहे का तुमी?"

एकदा.

"घरात पाणी शिरलं का?"

एकदा.

"माळ्यावर आहे का?"

एकदा. तुम्हाला बोलता येतं का, असं विचारलं. बराच वेळ काही नाही, मग दोनदा. भर दिवसा, लग्नाच्या स्टेजवर, मी मेलेल्या माणसाच्या नावाने प्रश्न विचारत होते आणि मला उत्तरं मिळत होती. लहानपणी मोठ्या बहिणी वाटी उलटी घालून आत्मे बोलावायच्या, तेव्हा मी पांघरुणात तोंड घालायची. इथे पांघरूण नव्हतं.

"एकटेच आहे का तिथं?"

दिवा लागला, विझला. सगळे त्याच्याकडेच बघत होते. पुन्हा लागला, विझला. दोनदा.

कोणीतरी विठ्ठलाचं नाव घेतलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्होरक्याने मला विचारलं की तिथे नक्की कोण आहे. बोट एकच होती आणि ती दुसऱ्या एका गावाकडे निघायची होती, तिथे माणसं पक्क्या स्लॅबवर चढून बसली होती. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, कोण आहे ते ठाऊक नाही, पण कोणीतरी आहे आणि सांगितलेलं ऐकतं. त्याने क्षणभर विचार केला. मग स्लॅबवरची माणसं थोडी थांबू शकतील असं म्हणत त्याने दोन जास्तीची जॅकेटं काखेत मारली आणि निघाला. त्याच्याकडे आमचा एक हँडी, म्हणजे हातातला लहान रेडिओ, होता.

बोट जाईपर्यंत मी थोड्या थोड्या वेळाने भाऊंना पुकारत राहिले. उत्तर यायचं, पण दर वेळी त्यात खरखर वाढलेली असायची. पलीकडची बॅटरी उतरत होती. शेवटी मी पुकारलं आणि दिवा लागलाच नाही. मी आणखी पुकारलं. त्या वेळी मला जे वाटलं ते सरळ सांगते. भाऊ दुसऱ्यांदा जातायत आणि या वेळी मी बघत बसले आहे, असं वाटलं.

बऱ्याच वेळाने बोटीवरून म्होरक्याचा आवाज आला. "एक बाई भेटली. माळ्यावर होती. जित्ती आहे." मंगल कार्यालयात सगळीकडून सुस्कारे ऐकू आले. पण तो पुढे बोलत होता. "दुसरा माणूस सापडून नाई राह्यला. पाहून राह्यलो." त्याने बटन दाबूनच ठेवलं असावं, कारण त्या घरातलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. छातीभर पाण्यात माणसं फिरत होती, काहीतरी लाकडी भिंतीवर आपटत होतं. आणि कोणत्याही अनोळखी माणसाला आपल्याकडे मारतात तशी हाक ती पोरं मारत होती. "भाऊ... ओ भाऊ... आहे का इथं?"

प्राध्यापकांनी तोंड हातांत झाकून घेतलं. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, आणि मी स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

वहिनींना आणलं तेव्हा अंगावर चादर होती आणि दात वाजत होते. बसायला जागा म्हणून त्यांना नवरीच्याच खुर्चीत बसवलं. चहा पोटात गेल्यावर त्या हळूहळू सांगायला लागल्या. नागपूरच्या फ्लॅटमध्ये जीव लागला नाही, म्हणून होळीच्या आधीच त्या परत आल्या होत्या. दुकान बंदच ठेवायचं होतं, तेव्हा शटरचं कुलूप तसंच राहू दिलं आणि मागच्या दाराने राहायला लागल्या. मुलाने आम्हाला कळवलं नाही, आणि आम्ही कोणी पुन्हा विचारलंही नाही. पुराच्या दिवशी गाव हलवायला आलेल्या बाहेरच्या माणसांनी घाईत पुढचं कुलूप बघितलं आणि घर रिकामं धरलं. गुडघ्यांमुळे त्यांना चिखलातून पळता आलं नाही, तेव्हा त्या शिडी चढून रेडिओपाशी गेल्या.

मी विचारलं, "वहिनी, मंग बोलल्या काऊन नाई?"

"मले लायसन नाई ना, ताई. त्याईनं सांगतलं होतं, बोलाचं नाई म्हणून." चहाचा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "दाबाचं नाई असं नोतं सांगतलं."

जीव जायची वेळ आली की लायसन नसलेला माणूससुद्धा रेडिओवर मदत मागू शकतो. हे मला भाऊंनीच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी, त्याच माळ्यावर. त्या वेळी वहिनी चहा घेऊन शेजारी गप्प उभ्या होत्या आणि ते माझ्याकडे बघून बोलत होते. भाऊंवर माझा फार जीव होता. त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

टिचक्यांचं विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटलं. तसं केल्याशिवाय ते यंत्र चालू होत नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. तारा कशा जोडायच्या ते भाऊंचे हात बघून त्यांना पाठ झालं होतं. आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी रेडिओ लावला. सगळ्यांचे आवाज आले, मग भाऊंचं नाव पुकारलं गेलं आणि कोणीच बोललं नाही. "त्याईची हजेरी रिकामी जाऊन राह्यली होती. चांगलं नाई वाटलं." म्हणून त्यांनी दाबलं. पुराच्या दिवशी प्राध्यापक रागावले तेव्हा आपल्यापायी कोणाचं तरी काम अडलंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी माइक खाली ठेवून दिला. प्राध्यापक हे ऐकत होते. ते उठले, वहिनींच्या पायांशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मी मात्र त्यांना रागावले. दुसरं माणूस आहे म्हणून सांगितलंत, ती पोरं पाण्यात जीव धोक्यात घालून शोधत बसली, असं म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"तुमी इचारलं, एकटी आहे का. तुमी बोलून राह्यल्या होत्या ना माह्यासंग. मंग मी एकटी कशी?"

मुलगा येईपर्यंत त्या माझ्याकडे राहिल्या. रविवार आला. मी रेडिओ लावला आणि वहिनींना शेजारी खुर्ची दिली. आमचे हे त्या दिवशी भाजीला गेले नाहीत, दारात उभे राहिले. प्राध्यापकांनी भाऊंचा कॉल साइन पुकारला. मी माइक वहिनींपुढे धरला आणि म्हटलं, दाबा, बोला, काय वाट्टेल ते करा, बघते कोण काय म्हणतं ते.

त्यांनी मान हलवली. "आता कशाले? मी तं इथं आहो."

प्राध्यापक थांबले. रीतीपेक्षा खूप जास्त थांबले. हिरवा दिवा लागला नाही. लाइनीवर कोणी नव्हतं. इतके महिने त्या जागी काहीतरी येतंय म्हणून आम्ही घाबरत होतो, आणि आता ते येत नव्हतं तर खोलीत बसवत नव्हतं.

"गेले," वहिनी म्हणाल्या. बटन दाबलेलं नव्हतं, तरी कुजबुजूनच म्हणाल्या.

मग माझा कॉल साइन पुकारला गेला. मी अजून त्या दिव्याकडेच बघत होते. प्राध्यापकांनी पुन्हा पुकारलं. वहिनींनी माझ्या हातातला माइक घेतला, नखाने त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि तो माझ्या हातात परत दिला. मी बटन दाबलं आणि हजेरी दिली.